बिनतारेचं लग्न

मामांच्या घरात कपडे वाळत घालायला तार नव्हती. भाड्याची खोली बघायला गेले त्या दिवशी मी पहिला प्रश्न तोच विचारला होता. मामा ओट्यावर बसून पक्कड पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "तार मिळायची न्हाय. कठडा हाय, काठी हाय, गच्चीत दगड हाईत. तार तेवढी मागू नका, पावणं."

विशीतल्या मुलीला 'पावणं' म्हणणारा घरमालक मी पहिल्यांदाच बघत होते. परत फिरणार एवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, "कुठली गं तू?"

"गडहिंग्लजची."

"माझं म्हायेर की गं! ये आत."

त्या मामी. पाण्याचा तांब्या पुढे करताना त्यांनी मला 'तंगी' म्हटलं. आमच्या तिकडे, कर्नाटकाच्या कडेला, धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. कोल्हापुरात नोकरीला येऊन महिना झाला होता आणि एवढ्या दिवसांत तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. खोली मी न बघताच घेतली.

ही नव्वदनंतरच्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. मी एका दूध संघाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. मामा टेलिफोन खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. उभी हयात लाइनमन म्हणून गेलेली. एकदा खांबावरून पडून डावा पाय अधू झाला होता, तरी चालताना ते पायाखाली बघायचे नाहीत, वर बघायचे. कुणाच्या दारावर लोंबती वायर दिसली की थांबून घरच्यांना बाहेर बोलवायचे. "आरं, त्यापरास गळ्याला फास लावून घ्या की!" घरातलेही तेवढ्याच आवाजात उलट बोलायचे. आमच्या गल्लीत साधी चौकशीसुद्धा भांडल्यासारखीच व्हायची. पण दुसऱ्या दिवशी ती वायर वर बांधलेली असायची.

माणसं त्यांच्या लक्षात नावानं राहत नसत, फोनच्या तक्रारीनं राहत. कोपऱ्यावरचे वकील म्हणजे 'क्रॉस कनेक्शन'. शाळेतल्या एक बाई 'खरखर'. निवृत्त हेडमास्तर 'सारखा डेड'. हेडमास्तरांना ते तोंडावर नमस्कार करायचे आणि माझ्याकडे वळून सांगायचे, "सारखा डेड. चांगला मानूस." मी एकदा विचारलं, "मामा, मला काय नाव ठेवलंत?" तर म्हणाले, "तुमचा फोनच न्हाय. फोन घ्या, मग बघू."

रोज सकाळी आंघोळ झाली की घरातल्या फोनचा रिसीव्हर उचलायचे, कानाला लावून ऐकायचे, "जित्ता हाय" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. कुणाला फोन करायचा नसायचा. आणि मी कधी कौतुकानं म्हटलं की तुमच्यामुळे माणसं जोडली गेली, तर चिडायचे. "तारेवर जीव ठेवायचा न्हाय, पावणं. तार तुटती. हवा कधी तुटलेली बघितलीसा?"

हा राग कुठून आला ते मला मामींनी सांगितलं, पावटे सोलता सोलता.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मामांची बदली गगनबावड्याला होती. तिथला पाऊस म्हणजे आठवडा-आठवडा छत्री मिटायची नाही. एकदा घाटात झाड कोसळलं आणि लाइन तुटली. मामा आणि त्यांचा जोडीदार दोन दिवस भिजत, जळवा काढत, तुटलेलं टोक शोधत होते. शेवटी तार जोडली, खांबावर बसूनच मामांनी तपासणीचा फोन तारेला लावून बघितला. कोल्हापूरच्या ऑपरेटरनं आवाज ओळखला आणि म्हणाला, "तुमच्यासाठीच निरोप हाय. परवापासनं धाडतोय, लाइनच मिळंना." कोडोलीला मामांचे वडील गेले होते. मामा पोचेपर्यंत राखही सावडून झाली होती.

"खांबावरनं उतरताना पाय सुटला तो त्याच दिवशी," मामी म्हणाल्या. "लोकांस्नी सांगत्यात निसरडं होतं. मी बी तेच सांगती."

त्यानंतर त्यांच्या घरात जेवढ्या तारा कमी करता येतील तेवढ्या मामांनी कमी केल्या. फोनची आणि विजेची नाइलाजानं राहिली. पुढं दोन हजार सालानंतर मोबाइल आले, तेव्हा गल्लीत पहिला मोबाइल मामांनी आणला. पेढे वाटले. घरी येऊन खोकं उघडलं तर आतून चार्जर निघाला. "ह्येला बी शेपूट हाय की!" म्हणाले आणि दुकानदाराशी भांडायला परत गेले. आता माझा मुलगा फोनातलं चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर पाठवतो, मध्ये कसलीही वायर नसते, आणि चित्र यायला दोन क्षण जास्त लागले तर वैतागतो. मामांनी तेवढ्याचसाठी ऐन पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे घालवले होते. ते ज्या वर्षी घडलं, त्याच वर्षाबद्दल मला सांगायचं आहे.

त्या वर्षी मामी न्हाणीघरात घसरल्या. कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणलं ते डॉक्टरांनी बजावूनच, की पाठीवर झोपायचं, उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही. आणि त्याच काळात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सुजाताचं, लग्न ठरलं. मुलगा फौजेत होता. बघण्याचा कार्यक्रम कोडोलीत चुलत्यांच्या घरी झाला तेव्हा मामी दवाखान्यात होत्या. त्याची रजा संपायच्या आत लग्न करायचं होतं, नाहीतर मग वर्षभर थांबायचं.

सुजाता म्हणाली, "थांबू वर्षभर. आईशिवाय मी उभी राहणार नाही."

मामी पडल्या-पडल्या म्हणाल्या, "रजा काय झाडाला लागत्यात व्हय? उभी ऱ्हा गप."

सगळ्यांसमोर असं बोलायच्या. पण मी रात्रीचं जेवण भरवायला बसले की उशाखालून मुलाचा फोटो काढायच्या. युनिफॉर्ममधला, ताठ, ओठ मिटलेला फोटो. "तंगी, फोटोत समदीच चांगली दिसत्यात. बोलतोय कसा, हसतोय कसा, मला काय ठावं? डोळ्यांनी न बघता लेक देतीया मी."

लग्नाचा हॉल आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता, बुद्धविहाराला लागून. घरापासून हाकेच्या अंतरावर. मामांनी डॉक्टरांना विचारलं, चौघांनी खाटेसकट उचलून नेलं तर? डॉक्टर मामांच्याही वरच्या आवाजात ओरडले. नातेवाईक म्हणाले, शूटिंगवाला सांगितलाच आहे, कॅसेट निघेल, मामी निवांत बघतील. मामा म्हणाले, "कॅशेट म्हंजे शिळी भाकरी. लेक उभी असताना बघितलं पायजे. झाल्यावर कळण्यात काय अर्थ हाय?"



दुसऱ्या दिवसापासून मामा शाहूपुरीतल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन बसायला लागले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. व्हीसीआरमधून टीव्हीला एक वायर जाते आणि चित्र दिसतं. मग तीच वायर टीव्हीला न लावता अँटेनाला लावली, तर चित्र हवेत जाईल आणि घरातला टीव्ही ते हवेतून घेईल. दुरुस्तीवाला म्हणाला, जाईल, पण दारापर्यंत. लांब जायला ताकद लागेल. आणि मामा, हे बिनपरवान्याचं काम आहे, सरकारी लोक उचलून नेतील.

"दोन तासाचं काम हाय. त्येवढं झालं की मी आपला आपण जाऊन बसतो त्यांच्या हापिसात."

चित्र हवेत सोडणारा पहिला डबा पेटला. दुसऱ्या डब्यातून चित्र आलं ते उलटं, आणि माणसं भुतांसारखी हलायची. मामांना त्यातलं फारसं कळत नव्हतं. चुकायचे, हात भाजून घ्यायचे, दुरुस्तीवाल्याला शिव्या द्यायचे आणि त्याच्यासाठी चहा आणायचे. तिसरा डबा त्यानं रडतखडत करून दिला.

त्या डब्याची परीक्षा मामांनी एका संध्याकाळी घेतली. शूटिंगवाल्याचा कॅमेरा उसना आणून हॉलच्या गच्चीवर लावला. मी मामींच्या खोलीत टीव्हीसमोर बसले. बातम्या चालू होत्या. अचानक निवेदिका थरथरली, विरघळली, आणि तिच्या जागी बनियनमधले मामा आले. कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी, एक डोळा आणि अर्धी मिशी.

"दिसतंय का?" मामा टीव्हीतून ओरडले. "पावणं! दिसतंय का न्हाय? बोला की!"

मी सज्जात धावले आणि "दिसतंय!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात समोरच्या खिडकीतून जाधववहिनी ओरडल्या, "दिसतंय!" त्यांच्या शेजारून कुणीतरी, "दिसतंय, पन शर्ट घाला!" मागच्या गल्लीतूनही आवाज आला. केबल अजून आमच्याकडे यायची होती, सगळ्यांच्या अँटेना गच्चीवर. मामांच्या डब्यातलं चित्र बातम्या ढकलून घरोघरी शिरलं होतं. मामांना ते ठाऊक नव्हतं. ते आपले मामींशी खासगी बोलत होते. "तुला म्हनलं हुतं का न्हाय? आता बघ, लेकीच्या अंगावर फुलं पडताना बघनार तू. रडायचं न्हाय मातुर. तू रडलीस की मला कळतंय, हितनं बी कळतंय."

खाली ओट्यावर तोपर्यंत बायका जमल्या होत्या. हसत आल्या होत्या. हे ऐकल्यावर एकीनंही ते कुणाकडे चेष्टेनं बोलून दाखवलं नाही. जाधववहिनी एवढंच म्हणाल्या, "आमी बी बघनार हां लगीन. दुपारचं काय असतंय टीव्हीवर?"

लग्नाच्या दिवशी सुजाता पांढऱ्या साडीत आईच्या पाया पडून गेली आणि घर रिकामं झालं. मी आणि मामी राहिलो. मी टीव्ही खाटेच्या पायथ्याशी, मामींना मान न उचलता दिसेल असा स्टुलावर ठेवला होता. चित्र चांगलं आलं होतं. स्टेजवर तसबिरी, मेणबत्त्या, निळ्या पडद्याची झालर, खुर्च्यांवर येऊन बसणारी माणसं. मामी एकेकाला ओळखत होत्या. "ही माझी नणंद बघ. नवं लुगडं न्हाय नेसली, मुद्दाम."

नवरदेव येतोय असा गलबला झाला, माणसं उठून उभी राहिली, आणि चित्र गेलं.

पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी टीव्हीच्या डोक्यावर थापटलं, बटणं फिरवली, गच्चीवर जाऊन अँटेना हलवून आले. मुंग्याच. मामी मुंग्यांकडेच बघत राहिल्या. त्यांचा हात उशाखाली गेलेला मला दिसला.

मी सज्जात येऊन ओरडले, "चित्र गेलं!" जाधववहिनी म्हणाल्या, "आमचं बी!" आणि त्यांनी पानटपरीवाल्याला हाक दिली, आणि टपरीवाला टपरी उघडी टाकून हॉलमध्ये पळाला.

पुढचं त्यानंच मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की ते मीच बघितलंय असं वाटतं.

भंते त्रिशरण सुरू करणार होते. मामा मधे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भंते, थांबा. तिला दिसत न्हाय." हॉलमध्ये कुजबुज झाली. मुलाचे काका पुढे आले. "काय लावलंय ह्ये? पाचशे मानूस बसलंय. टीव्हीसाठी लगीन थांबवत्यात व्हय?"

"टीव्हीसाठी न्हाय," मामा म्हणाले.

भंतेंनी एकदा दोघांकडे बघितलं आणि शांतपणे मांडी घालून बसले. "आपल्यात मुहूर्त नसतो. आई बघंल, मग सुरू करू. बसा सगळे."

मामा जिन्याकडे निघाले. हॉलच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती आणि डब्याची अँटेना शेडच्या टोकाला बांबूवर बांधलेली. वाऱ्यानं बांबूची गाठ सुटून तो आडवा पडला होता. तिथं जायला नुसती लोखंडी शिडी. मामांनी अधू पाय पहिल्या पायरीवर ठेवला, तर मागून कुणीतरी त्यांचा दंड धरला. नवरदेव. पांढरा सफारी, गळ्यात अजून हार नाही, घामेजलेला.

"तुम्ही खाली ऱ्हावा, मामा. कुठल्या तोंडाला करायचं तेवढं सांगा."

"तुमी? कापडं खराब होतील, पावणं."

"होऊ द्या की."

आणि तो चढला. शेवाळलेल्या पत्र्यावरून गुडघ्यांवर सरकत टोकापर्यंत गेला. मंडपाची सुतळी दातांत धरून बांबू उभा केला, बांधला, आणि मामा खालून सांगत होते, "उजवीकडं! आनी जरा! बास!"

आमच्याकडे मुंग्या दाटल्या, विरळ झाल्या, आणि त्यांच्यातून सुजाता उमटली. एकटीच स्टेजवर बसलेली, दाराकडे डोळे लावून.

"आलं!" मी ओरडले. जाधववहिनी ओरडल्या. टपरीपाशी कुणीतरी शिट्टी मारली. मामींनी माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग दारातून तो आला. कॅमेरा त्याच्याकडे वळला. दोन्ही गुडघे हिरवे-काळे, बाहीवर गंजाचा पट्टा, केसांत कोळिष्टक. हॉलमधल्या बायकांचं हसणं टीव्हीतून ऐकू आलं आणि एक म्हातारी म्हणाली, "आगं, नवरदेवाची प्यांट बघा! सासूला दिसावं म्हून पत्र्यावर चढला की त्यो!"

तो लाजून हसला. खाली बघून गुडघे झटकायला लागला, ते आणखी माखले, तसा जास्तच हसला. सुजाताही तोंडावर पदर धरून हसली.

मामी टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्यो चढला व्हय वर?"

"हो, मामी."

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी उशाखालचा फोटो काढून माझ्याकडे दिला. "कपाटात ठेव आता. उशाला टोचतोय."

पुढचं सगळं दिसलं. पंचशील, दोघांनी एकमेकांना दिलेली वचनं, हार. फुलं पडली तेव्हा चित्र थोडं थरथरलं, पण गेलं नाही. 'साधू, साधू, साधू' असा गजर टीव्हीतून आला, तसाच खिडकीतून आला, आणि समोरच्या घरांतूनही आला. जाधवांच्या घरात असं कधी कुणी म्हटलं नसेल, पण त्या दिवशी म्हटलं. मामांनी बजावल्याप्रमाणे रडायचं नाही म्हणून मामींनी खालचा ओठ दातांखाली धरला होता. मीच रडत होते.

संध्याकाळी सुजाताला वाटेला लावून मामा घरी आले आणि खाटेशी उभे राहिले. विचारलं, "दिसलं?"

"समदं दिसलं. तुमी तेवढं न्हाईसा दिसला."

"मी कशाला?" म्हणाले, आणि भिंतीला टेकून चपलांसकट खाली बसले, ते तसेच झोपले. मामींनी मला खूण केली, उठवू नको.

एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. सोमवारी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा फडक्यात बांधून तयार झाले. म्हणाले, "शब्द दिलाय. हापिसात जाऊन सांगतो, मी केलं म्हून." मी खूप समजावलं, कुणी तक्रार केलेली नाही, कुणाला कळलेलंही नाही. "मला कळलंय की," ते म्हणाले.

मामींनी अडवलं नाही. मला हाक मारून सांगितलं, "तंगी, दोन भाकरी थाप. झुनका कर. आत टाकलं तर तिथलं जेवन ह्यांना सोसायचं न्हाय." पिशवीत भाकरी, टॉवेल, एक धोतर आणि पक्कड गेली. पक्कड कशाला, ते मी विचारलं नाही.

मी ऑफिसला गेलेच नाही. मामी सकाळपासून पाण्याचा घोटही घेईनात. दार वाजलं की मान वळवायच्या, मग कळ यायची. गल्लीत एक जीप वळली तेव्हा मी सज्जात धावले. ती पुढं निघून गेली. दुपार कलली आणि ओट्यावर मामांचा तो एक पाय ओढत चालण्याचा आवाज आला. एकटेच होते. काखेत डबा, हातात पिशवी, चेहरा पडलेला.

"काय झालं ओ?" मामींनी विचारलं.

"च्या पाजला," मामा चिडून म्हणाले.

"आन?"

"आन काय? पैला सायब म्हनला, ह्ये आमच्याकडं बसत न्हाय. वरच्या मजल्यावर जावा. वरचा म्हनला, खाली जावा. मग दोघंबी एकत्र बसलं, मला समदं इचारलं. लगीन कसं झालं, बायकू कशी हाय. मी म्हनलं, सायब, गुन्हा लिवून घ्या. तर म्हनला, मामा, घरी जावा, परत असलं करू नका, आन वयनींना माझा नमस्कार सांगा." मामांनी डबा खाली आपटला. "डबा बी घेतला न्हाय!"

मामींच्या तोंडातून कसलासा आवाज आला. मला वाटलं हुंदका. तर त्या हसत होत्या. पडल्यापासून, किती आठवड्यांनी, पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांतून पाणी, एक हात कमरेवर. "हसवू नका ओ, हाड हालतंय माझं, हसवू नका!"

"मी कुठं हसवतोय? अपमान झालाय माझा."

त्यावर मलाही आवरेना. मामा आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत उभे राहिले, आणि मग त्यांच्या मिशा हलल्या. पिशवी उघडून त्यांनी भाकरी काढल्या, एकीचे तुकडे केले, पहिला घास मामींना भरवला, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि स्वतः झुणक्याला लावून खायला लागले. नाकातोंडातून पाणी आलं.

"लई तिखट केलाय, पावणं," मामा म्हणाले. "जेलात चालला नसता."

"गप जेवा," मामी म्हणाल्या, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.